दुसरी केझिया

१

ऑक्टोबर लागला की केनेबेक हाऊस मिटायला घ्यायचं, हा जोथम विंगेटचा गेल्या तेरा वर्षांचा शिरस्ता होता. चीनमधल्या चेफूच्या किनाऱ्यावर उन्हाळा काढायला आलेली शांघायची गोरी मंडळी शेवटच्या आगबोटीने परत गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉटेलच्या बावीस खोल्यांतून एकेक करून फिरे. गाद्या गुंडाळायच्या, आरशांवर चादरी टाकायच्या, समुद्राकडच्या खिडक्यांना फळ्या मारायच्या. मागून म्हातारा त्सोंग खिळ्यांची डबी घेऊन चाले. त्सोंग हा हॉटेलचा मुख्य वाढपी, कारभारी आणि कायमचा तक्रारदार होता.

"सात नंबरवाल्या बाईंनी यंदाही उशी नेली, मालक."

"असू दे."

"असू दे कसं? पाच वर्षं नेतेय. आता शांघायला तिचंच हॉटेल झालं असेल, आपल्या उशांचं."

यंदा मात्र चौथ्या खोलीपाशीच काम थांबलं होतं. खिळ्यांची डबी जिन्याखाली पडून होती, कारण वरच्या मजल्यावर, अकरा नंबरच्या खोलीत, जोथमची मुलगी केझिया नऊ दिवस तापात पडली होती.

केझिया आठ वर्षांची. आंघोळीच्या झोपड्यांच्या फळ्या उतरवायला माणसं धक्क्यावर गेली, तेव्हा ती त्यांच्यामागून धावली, शेवाळावरून घसरली आणि पाण्यात पडली. दोन कोळ्यांनी तिला लगेच वर ओढलं. फार पाणीही पोटात गेलं नव्हतं. ती स्वतःच्या पायांनी घरी आली, जेवली, हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडे, अंग तापलेलं, आणि नजर छताला लागलेली. हाक मारली तरी मान वळत नव्हती.

मिशनचे डॉक्टर हॅल्क्रो रोज येत. "मेंदूचा ताप आहे, विंगेट. वाट पाहायची," ते म्हणत आणि बॅग बंद करत. बॅगेची कडी लागल्याचा आवाज जोथमला दिवसभर ऐकू येत राही.

तिला सांभाळत होती त्सोंगची बायको. पाच वर्षांपूर्वी जोथमची बायको आल्मायरा गेली, तेव्हापासून केझियाचं न्हाणं, वेणी, जेवण सगळं हिच्याच हातचं. केझिया तिला आमा म्हणे, म्हणून सगळेच आमा म्हणत. दहाव्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली.

"ती इथं नाहीये, मालक."

"काय बोलतेस? समोर तर झोपलीय."

"हे अंग आहे. पोरगी धक्क्यावर राहिलीय. दचकली आणि तिथंच थांबली. तिला हाक मारून आणायला हवी."

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरांनी नऊ दिवसांत एक तरी हाक मारली का?"

जोथम चर्चला जाणारा माणूस होता. पण या गावात त्याची चौदा वर्षं गेली होती. संध्याकाळी दाराशी उभ्या राहून, पोराचा अंगरखा हातात धरून, समुद्राकडे किंवा शेताकडे तोंड करून हाका मारणाऱ्या बाया त्याने कितीतरी पाहिल्या होत्या. घरातून कुणीतरी पोराच्या वतीने 'आले' म्हणायचं. पोरं बरी झालेलीही त्याने पाहिली होती, न झालेलीही.

"मग मार तू हाक," तो म्हणाला.

"माझ्या हाकेनं नाही येणार. रक्ताचं माणूस लागतं. आई असती तर आईनं मारली असती. आता तुम्हीच."

जोथमने मुलीकडे पाहिलं. ओठ फुटले होते. ही गेली, तर या बावीस खोल्यांत आपलं म्हणावं असं कुणीच उरणार नव्हतं. बाकी सगळे पाहुणे.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

२

दिवेलागणीच्या वेळी त्यांनी घर बंद केलं. बावीस खोल्यांच्या खिडक्या, माडीची दारं, जेवणघराची झडप. उघडं ठेवायचं ते फक्त समुद्राकडचं मोठं दार. आमा वर केझियाच्या उशाशी बसली. जोथमच्या हातात तिने केझियाचा निळा फ्रॉक दिला आणि बजावलं, "धक्क्याकडे तोंड करायचं. पूर्ण नाव घ्यायचं. तीनदा. आणि लाजायचं नाही."

तो लाजलाच. पंचावन्न वर्षांचा, दाढी पिकलेला माणूस, उंबऱ्यावर उभा राहून फ्रॉक हलवतोय. समोर धक्का रिकामा होता. पाणी तपकिरी, संथ.

"केझिया विंगेट, घरी ये."

वरून आमाचा आवाज आला, "आले."

"केझिया विंगेट, घरी ये."

"आले."

तिसऱ्या हाकेची वेळ आली. लाज कुठल्या कुठे गेली. फ्रॉक छातीशी घट्ट धरून तो ओरडला, "केझिया विंगेट! घरी ये!"

"आले."

हा आवाज आमाचा नव्हता. तो वरून आला नव्हता, समुद्राकडूनही नव्हता. जोथमच्या पाठीमागून, लांब बोळाच्या पलीकडून, टेकडीच्या अंगाने आला. बारीक आवाज, धाप लागलेला. त्यानंतर क्षणभराने वरून आमाचं 'आले' ऐकू आलं.

तो वळला. बोळाच्या शेवटी मागचं दार सताड उघडं होतं. त्यातून अंगण दिसत होतं, अंगणापलीकडे टेकडीवर जाणारी पायवाट, आणि तिच्यावरचा मावळता, मातकट उजेड. माणूस कुणी नव्हतं.

त्सोंग स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला.

"हे दार का नाही लावलंस?"

"हे कधी लावतो आपण, मालक? इकडून पाहुणे थोडेच येतात?"

प्रतिध्वनी असणार, जोथमने स्वतःला सांगितलं. टेकडी जवळ आहे, हवा पडलीय. जिना चढताना अर्ध्यावर त्याच्या मनात आलं, की प्रतिध्वनी माणसाचे स्वतःचे शब्द परत आणतो, आणि 'आले' हा शब्द आपण उच्चारलाच नव्हता. तो विचार पुरता व्हायच्या आत वरून आमा ओरडली, "मालक! बघते आहे! डोळे हलवले तिनं!"

३

ताप सकाळपर्यंत उतरला. केझियाने राळ्याची पेज खाल्ली, मग अंडं मागितलं. डॉक्टर हॅल्क्रोंनी तिची जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "सांगितलं नव्हतं? वाट पाहायची." जोथमने हाकांचा विषय त्यांच्याजवळ काढला नाही.

चौथ्या दिवशी ती पलंगावरून उतरली. जोथम खुर्चीत बसून खिडकीची फळी मोजत होता. तिला खाली जायचं होतं, म्हणून ती दाराकडे गेली, टाचा उंचावल्या आणि हात डोक्यावर नेऊन दार चाचपू लागली. दाराची मूठ तिच्या छातीशी होती. ती मात्र वर, बऱ्याच वर, कोऱ्या लाकडावर तळवा फिरवत होती. चिमुकला थोपट थोपट असा आवाज येत होता.

"केझी, खाली बघ."

तिने खाली पाहिलं. मूठ दिसल्यावर तिला गंमत वाटली. "हे दार बुटकं झालं," ती म्हणाली आणि हसली.

जोथमही हसला. संध्याकाळी त्याने डॉक्टरांना विचारलं.

"तापातून उठलेल्या माणसाला स्वतःच्या हातापायांचा अंदाज राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर जाऊ दे."

हे पटण्यासारखं होतं. जोथमला पटलंही. फक्त रात्री दिवा मालवायला गेला तेव्हा त्याने त्या दारावर, तिने थोपटलं होतं त्या उंचीवर, आपला हात ठेवून पाहिला. मग गुडघ्यावर बसून, चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून मुठीकडे पाहिलं. आपण हे का करतो आहोत, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

४

आता ती रोज खाली येऊ लागली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून. अशक्तपणामुळे, जोथम म्हणाला. पूर्वी आमा केझियाच्या वेणीवरून अर्धा तास कटकट करायची. हल्ली वेणी मुकाट्याने घालायची आणि हात धुवायची.

जिना उतरल्यावर समोर जेवणघराचं दार. सरळ दहा पावलं. केझिया सरळ जात नसे. शेवटच्या पायरीवरून उतरली की डावीकडे वळायची, दालनाच्या मधोमध असलेल्या मोकळ्या जागेला लांबून वळसा घालायची, आणि मग जेवणघरात शिरायची. जाताना तिचा उजवा हात बाजूला असे, बोटं हवेत घासत नेल्यासारखी.

तीन दिवस जोथमने हे पाहिलं. मुलांना खेळ सुचतात. फरशीवरची कुठलीशी रेघ टाळत असेल. फरशीवर रेघ नव्हती.

चौथ्या दिवशी तो उठून त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. ती जिना उतरून आली, वळसा घेऊ लागली, आणि तो दिसताच जागच्या जागी थबकली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही टेबलातून कसे आलात?"

त्या जागी एकेकाळी टेबल होतं. पाहुण्यांची नावं लिहून घ्यायचं लांब, काळं, उंच टेबल. नवी बाजू बांधली तेव्हा ते काढून दाराशी हलवलं होतं. ते हलवलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी ही केझिया जन्मली.

"कुठलं टेबल?" त्याने विचारलं. आवाज साधा ठेवायला त्याला बरेच कष्ट पडले.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बोटीची माणसं गेली?"

"कधीच गेली."

"मग तुम्ही वर का नाही आलात? तुम्ही म्हणालात, आलोच."



बारा वर्षांपूर्वीचा जुलै. हॉटेलचं दुसरंच वर्ष. त्सोंग नव्हता, आमा नव्हती. वर त्याच्या पहिल्या, चार वर्षांच्या मुलीचा घसा घरघरत होता, आल्मायरा मागे स्वयंपाकघरात वाफेसाठी पाणी उकळत होती, आणि नेमकी त्याच तासाला शांघायची आगबोट लागली होती. टेबलासमोर सतरा माणसं सामानासकट उभी होती. वरून दोनदा हाक आली. पप्पा. पप्पा. त्याने मान वर न करता, लिहिता लिहिताच म्हटलं होतं, "आलोच."

अकरा नावं लिहून व्हायची होती. ती लिहून तो वर गेला, तेव्हा घरघर थांबली होती.

त्या शब्दाविषयी त्याने आल्मायराला कधी सांगितलं नव्हतं. घरच्यांपैकी तो ऐकला होता फक्त वरच्या खोलीतल्या मुलीने.

५

"आज बाजारात कोळी मला काय विचारतात माहितीये?" त्सोंगने मासळीची टोपली खाली ठेवली. दुपारची वेळ होती. जोथम स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आमा चुलीशी पाठमोरी बसली होती. "म्हणे, तुमच्या मालकाची पोरगी सकाळी सकाळी धुक्यात काय करते? धक्क्यावर उभी असते. घराकडे तोंड करून. हाक मारली तर बघत नाही. मी म्हटलं, दारू कमी ढोसा, पोरगी घरात पेज खातेय."

"मग?"

"मग म्हातारा म्हणाला, पहिल्या दिवशी धक्क्याच्या अलीकडच्या टोकाला होती. आता पलीकडच्या टोकाला असते."

आमाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मालक, एक विचारू? टेकडीवर तुमच्या थोरल्या मुलीचा दगड आहे ना? त्याच्यावर काय लिहिलंय?"

"नाव."

"कुठलं नाव?"

"केझिया विंगेट," तो म्हणाला.

आमा वळली. दहा वर्षांत तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"मेलेल्या पोरीचं नाव जित्या पोरीला दिलंत?"

"आमच्याकडे रीत आहे. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देतात. नाव जाऊ नये म्हणून."

"नावं कमी पडली होती का तुमच्या देशात? समुद्रापलीकडून माणसं आणता, बिछाने आणता, एक जास्तीचं नाव नाही आणता आलं?"

"अगं, हळू," त्सोंग म्हणाला.

"हळू काय? माझ्याकडून 'आले' म्हणवून घेतलं यांनी! मला वाटलं एकाच पोरीला बोलावतायत."

"मीही दुसराच आहे," जोथम म्हणाला. का कोण जाणे, आपण हे सांगितलं पाहिजे असं त्याला वाटलं. "माझ्या आधी एक जोथम होता. दोन वर्षांचा होऊन गेला. लहानपणी मी चर्चच्या मागे जाऊन दगडावरच्या माझ्या नावावरून बोट फिरवायचो. कधी भीती नाही वाटली."

आमाचा राग एकदम ओसरला. तिने हळूच विचारलं, "मग तुमच्या आईनं हाक मारली की कोण यायचं?"

"मीच."

"तुम्हाला खात्री आहे?"

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. कुणी ते उतरवलं नाही.

"फक्त तिचंच असलेलं एक नाव आहे," आमा म्हणाली. "आल्मायराबाई गेल्या, तेव्हा मी ठेवलं. घरात घ्यायचं नाव. तुम्ही चिडाल म्हणून तुमच्यासमोर कधी घेतलं नाही. शाव-यान म्हणते मी तिला. पाकोळी. त्या नावानं मारा हाक. सकाळी, धुकं असताना. उंबऱ्याबाहेर फार दिवस राहिलेल्या माणसाला मग घर ओळखू येत नाही."

"आणि ही?" जोथमने विचारलं. "जी वर आहे ती?"

उत्तर त्सोंगने दिलं, आणि ते देताना त्याने मालकाकडे पाहिलं नाही.

"एका माणसाच्या खोलीत दोघांना उतरवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला, मालक."

६

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. जोथम उठला, बूट घातले, आणि परत काढले. रात्री तिला खोकला आला होता. आज नको, त्याने आमाला सांगितलं. खरं तर कारण वेगळं होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी तिने वरून हाक मारली, "पप्पा!" तो हातातला खिळा टाकून धावत गेला. तिला काही नको होतं. तो आला एवढंच तिला पाहायचं होतं. दुपारी पुन्हा हाक आली, तो पुन्हा गेला. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा. प्रत्येक वेळी "आलोच" म्हणून तो खरोखर जात होता, आणि दर वेळी जिन्याच्या वरच्या पायरीवर त्याच्या छातीतून काहीतरी सुटत होतं, जे बारा वर्षं सुटलं नव्हतं. तो सुखी होता. ते उमगल्यावर त्याच्या अंगावर काटा आला, पण म्हणून सुख कमी झालं नाही.

मुलगी आहे. माझी आहे. तेच नाक, तेच केस, डाव्या गुडघ्यावर गेल्या वर्षीच्या पडण्याचा तोच व्रण. तापाने जरा लहान झाली आहे, इतकंच. कोळी काय, धुक्यात कुणालाही काहीही दिसतं. असं तो स्वतःला समजावत होता. मग कधीतरी ती भाजीचा चमचा मुठीत धरी, मूठ वळून, जसा चार वर्षांची मुलं धरतात तसा, आणि त्याचं समजावणं तिथंच थांबे.

आठ वर्षांची केझिया दोन महिन्यांपूर्वी त्याच्याशी भांडली होती. तिला पत्र लिहायला स्वतःची दौत हवी होती. तिला अक्षरं येत होती, गुणाकार येत होते, त्सोंगच्या चालण्याची नक्कल येत होती. ती रागावली की एक खांदा वर करून उभी राही आणि कुणीतरी समजूत काढेपर्यंत हलत नसे. हे सगळं त्याला आठवलं, ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्सोंग टोपली घेऊन परत आला तेव्हा.

त्सोंगने या वेळी विनोद केला नाही.

"आज धक्क्यावर नव्हती," तो म्हणाला. "खडकांपलीकडे, ओहोटीच्या वाळूत होती. म्हातारा म्हणतो, आता तोंड घराकडे नाही."

आमाने ओट्यावर निळा फ्रॉक घडी करून ठेवला होता. "उद्या," ती म्हणाली. "परवा हाक मारलीत तर मी 'आले' म्हणायला बसणार नाही. कुणाच्या वतीनं म्हणते, ते मलाच कळणार नाही."

"उद्या," जोथम म्हणाला. आणि त्या क्षणी तो मनापासून बोलला.

७

सकाळी दार उघडलं तेव्हा समुद्र दिसतच नव्हता. पाच पायऱ्या, खालची खडी, मग थोडी वाळू, आणि पुढे सगळं पांढरं. लाटांचा आवाजही कापसातून यावा तसा येत होता. या खेपेला मागच्या दाराला त्सोंगने अडसर घातला होता आणि त्याला पाठ लावून तो उभा होता. वर आमा पलंगाशी बसली होती. मुलगी गाढ झोपेत आहे, असं तिने खूण करून सांगितलं होतं.

जोथमने फ्रॉक दोन्ही हातांत धरला. ते परकं नाव त्याने रात्रभर मनातल्या मनात घोकलं होतं.

"शाव-यान, घरी ये."

वरून हलक्या आवाजात, "आले."

धुक्यात काही हललं नाही. मग, बराच वेळ पाहत राहिल्यावर, खडकांच्या बाजूला एक जागा बाकीच्यापेक्षा किंचित गडद वाटू लागली. खुंट असेल. होडी असेल. होडी मोठी होत नाही.

"शाव-यान! घरी ये!"

"आले."

आता ती वाळूवर होती. चेहरा दिसत नव्हता. कपडे अंगाला चिकटलेले, केस मोकळे. खडीच्या कडेला येऊन ती थांबली होती, आणि तिचा एक खांदा वर होता. रागावली होती. किती दिवस उभं ठेवलंत, असं विचारत होती. कुणी समजूत काढेपर्यंत ती हलणार नव्हती.

जोथमच्या तोंडून हुंदका फुटला. तिसरी हाक. एकच. त्याने श्वास घेतला.

"पप्पा."

ती त्याच्या शेजारी उभी होती. अनवाणी, झोपेच्या लांब झग्यात. जिन्यावर आमा होती, कठड्याला धरून, दुसरा हात तोंडावर दाबून. मुलगी केव्हा उठली, तिच्या बाजूने केव्हा निघून आली, हे आमालाही कळलं नसावं.

मुलीने बाहेर पाहिलं नाही. ती वर, त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त समजत नव्हतं.

"मी आलेय ना, पप्पा? मग कुणाला बोलावताय?"

बाहेर खडीवर एक पाऊल वाजलं. एकच, आणि ते पुढच्याची वाट पाहत थांबलं.

त्याला वर मान करून फक्त एक नाव घ्यायचं होतं. नाव जिभेवर होतं. खाली ते दोन डोळे होते, आणि त्यांत बारा वर्षांपूर्वीचा तो सबंध तास होता, ज्यात तो टेबलाशीच नावं लिहीत राहिला होता.

"कुणालाच नाही," जोथम म्हणाला.

पलंगाखाली काही नाही, असं बाप लेकराला सांगतो, त्याच आवाजात. वर आमाने काहीतरी उच्चारलं, शब्द नव्हता तो. जोथमने लगेच बाहेर पाहिलं नाही. पाहिलं, तेव्हा धुकं पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. वाळू दिसत नव्हती, खडी दिसत नव्हती. तो ऐकत राहिला. दुसरं पाऊल वाजलं नाही.

मुलीने दोन्ही हात वर केले, उचलून घ्या म्हणून. चार वर्षांच्या लेकराला उचलायला वाकतात तसा तो अलगद वाकला, आणि उचलताना त्याचा तोल गेला. वजन आठ वर्षांच्या मुलीचं होतं.